तेरा, आठ की सहा पाती: एका हेलिओस-४४ च्या निवडीचे प्रकरण

जुन्या मॅन्युअल लेन्सच्या खरेदी-विक्रीत ॲपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान-मोठे करणाऱ्या यंत्रणेच्या, पात्यांच्या संख्येला आता स्वतंत्र भाव आला आहे. लेन्स एकच, काचांच्या मांडणीचे सूत्र एकच, केंद्रांतर (फोकल लेंथ) एकच. तरीही ॲपर्चरमध्ये १३ पाती असलेली प्रत ८ पात्यांच्या प्रतीपेक्षा कितीतरी महाग विकली जाते, आणि ६ पात्यांची प्रत बहुधा सर्वांत स्वस्त मिळते. हा भाव छायाचित्रात दिसणाऱ्या फरकाला किती धरून आहे, हे तपासण्याची संधी एका निवडीच्या निमित्ताने मिळाली.

व्यक्तिचित्रे काढणारे माझे एक स्नेही कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे होणाऱ्या दीपोत्सवाची तयारी करत होते. माणूस सुमारे १ मीटर अंतरावर असावा आणि त्याच्या मागे पायऱ्यांवरील पणत्या विरघळून गोल प्रकाशठिपक्यांसारख्या दिसाव्यात, असे चित्र त्यांच्या मनात होते. त्यांच्याकडे फुल-फ्रेम (३६ × २४ मिमी सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा आणि हेलिओस-४४ या जुन्या सोव्हिएत लेन्सच्या दोन आवृत्त्या होत्या: ८ पात्यांची ४४-२ आणि ६ पात्यांची ४४एम-४. एका विक्रेत्याने त्यांना चंदेरी अंगाची, १३ पात्यांची जुनी हेलिओस-४४ काही दिवस वापरून पाहायला दिली होती. मात्र तिची किंमत त्यांच्याकडील दोन्ही लेन्सच्या एकत्रित किमतीहून अधिक होती. ही तिसरी लेन्स घ्यावी की नाही, एवढाच प्रश्न होता.

एकाच सूत्राची तीन रूपे

हेलिओस-४४ चे मूळ कार्ल झाइस येना कंपनीच्या बायोटार ५८ मिमी एफ/२ या लेन्समध्ये आहे (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). विली मेर्टे यांनी तिची रचना केली, आणि १९३६ साली आलेल्या किने एक्झाक्टा कॅमेऱ्यामुळे ती प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात, म्हणजे केएमझेडमध्ये, याच आराखड्यावरून सोव्हिएत लेन्स तयार होऊ लागली. आधी तिला बीटीके हे नाव होते, पुढे ती हेलिओस-४४ झाली. मिन्स्क आणि वाल्दाय येथील कारखान्यांनीही पुढे तिचे उत्पादन केले, आणि झेनिट कॅमेऱ्यांबरोबर ती जगभर इतक्या संख्येने गेली की आजही ती सहज सापडते. चार गटांतील सहा काचा ही मूळ मांडणी साऱ्या रूपांत कायम राहिली. त्यामुळे ॲपर्चरचा परिणाम वेगळा काढून पाहण्यासाठी हे कुटुंब फार सोयीचे आहे.

सुरुवातीच्या, एम३९ आट्यांच्या (लेन्स कॅमेऱ्यावर फिरवून बसवण्याचे ३९ मिमी व्यासाचे पेच) चंदेरी प्रतींत १३ पाती असतात. येथे एक सूचना करणे भाग आहे: हे एम३९ आटे जर्मन लायका कॅमेऱ्यांच्या एम३९ सारखेच दिसतात, परंतु माउंटपासून फिल्मपर्यंतचे अंतर झेनिटमध्ये सुमारे ४५ मिमी, तर लायकामध्ये २८.८ मिमी असते, आणि चुकीचा ॲडॉप्टर (लेन्स आणि कॅमेरा जोडणारी कडी) लावल्यास लेन्स अनंतावर कधीच जुळत नाही. १९६५ पासून आलेल्या झेनिट-ई कॅमेऱ्याबरोबर एम४२ आट्यांची, ८ पात्यांची ४४-२ सर्वत्र पसरली. या दोन्ही लेन्स प्रीसेट पद्धतीच्या आहेत. एका रिंगवर हवे ते ॲपर्चर ठरवून ठेवायचे, दुसरी रिंग पूर्ण उघडी ठेवून चित्र जुळवायचे आणि मग ती ठरलेल्या आकड्यावर थांबेपर्यंत हाताने फिरवायची. ही दुसरी रिंग कोठेही न अडता, खटक्याशिवाय फिरते. त्यानंतर ४४एम आली. तिच्यात पाती ८ च राहिली, पण त्यांची हालचाल स्वयंचलित झाली. तिच्या पुढच्या ४४एम-४ ते ४४एम-७ या मालिकेत पाती ६ वर आली. या मालिकेतील शेवटचा आकडा पात्यांचा नसून काचेच्या विभेदनक्षमतेच्या, म्हणजे बारीक तपशील वेगळे दाखवण्याच्या क्षमतेच्या, दर्जाचा आहे. नवख्या खरेदीदारांचा येथे हमखास घोटाळा होतो.

पाती कमी का झाली

पाती कमी झाली म्हणजे कारखान्यांनी गुणवत्तेकडे दुर्लक्ष केले, असा सूर जुन्या लेन्सच्या चाहत्यांत नेहमी ऐकू येतो. मला तो अर्धवट वाटतो. प्रीसेट लेन्समध्ये पाती हाताने मिटतात. त्यांना घाई नसते आणि घर्षण थोडे जास्त असले तरी बोटांना त्याची तक्रार नसते. स्वयंचलित लेन्समध्ये मात्र शटरचे बटण दाबताच कॅमेऱ्यातील पट्टी लेन्सच्या मागची खीळ आत ढकलते, आणि पडदा उघडण्यापूर्वीच्या अत्यल्प वेळात सर्व पात्यांना पूर्ण उघड्या स्थितीतून ठरलेल्या छिद्रापर्यंत यावे लागते. प्रत्येक पात्याच्या एका टोकाची खुंटी स्थिर कड्यात आणि दुसऱ्या टोकाची खुंटी फिरत्या कड्याच्या खाचेत बसलेली असते. पाती वाढली की खुंट्या, खाचा, एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग आणि हलणारे वजन हे सारे वाढते. १३ पाती एवढ्या चपळाईने आणि तरीही खात्रीने वर्षानुवर्षे मिटवणे हे लहान स्प्रिंगसाठी अवघड काम होते.

तरीही वेग हे एकच कारण नसावे. स्वयंचलित ४४एम मध्ये ८ पाती होतीच. तेव्हा ८ वरून ६ वर येण्यात जुळणीची सोय आणि खर्च यांचाही वाटा असला पाहिजे, असे माझे मत आहे. हे स्थित्यंतर केवळ सोव्हिएत नव्हते. पूर्व जर्मनीतील मायर कंपनीच्या प्रीसेट पद्धतीच्या ओरेस्टोर १३५ मिमी एफ/२.८ मध्ये १५ पाती होती, आणि तिचीच स्वयंचलित आवृत्ती पेंटाकॉन नावाने ६ पात्यांवर आली. उलट ज्या लेन्स प्रीसेटच राहिल्या त्यांत भरघोस पाती टिकली: सोव्हिएत ज्युपिटर-९ मध्ये १५, तर ताइर-११ मध्ये चक्क २० आहेत.

आकाराचे गणित

पूर्ण उघड्या ॲपर्चरवर, म्हणजे एफ/२ वर, पाती लेन्सच्या कडेला पूर्ण दडलेली असतात आणि छिद्राचा आकार काचेच्या गोल चौकटीने ठरतो. त्यामुळे एफ/२ वर १३, ८ आणि ६ पात्यांच्या लेन्समध्ये पात्यांमुळे पडणारा फरक शून्य असतो. हेलिओसची ज्याकरिता ख्याती आहे तो गरगरता बोकेह (पार्श्वभूमीची धूसरता)ही याच स्थितीत मिळतो. चौकटीच्या कडेकडे तिरक्या येणाऱ्या किरणांना लेन्सची पुढची आणि मागची कड अंशतः अडवते, त्यामुळे तेथील दिव्यांच्या धूसर चकत्या मांजराच्या डोळ्यासारख्या लांबट होतात आणि केंद्राभोवती फेर धरल्यासारख्या दिसतात. याचा पात्यांशी संबंध नाही. ‘१३ पात्यांमुळे जास्त गरगरते’ असे सांगून कोणी लेन्स विकत असेल, तर तो गैरसमज तरी आहे किंवा विक्रीकौशल्य तरी.

मग ॲपर्चर मिटवायचेच कशाला? १ मीटरवर असलेल्या चेहऱ्यासाठी ५८ मिमी लेन्स एफ/२ वर जेमतेम साडेतीन सेंटीमीटर खोलीपर्यंत स्पष्ट राहते, एफ/४ वर सुमारे ७ सेंटीमीटर. दोन माणसे शेजारी उभी असतील तर एफ/२ वर एकाचा तरी चेहरा सुटतो. शिवाय एफ/२ वर दिव्यांभोवती धुरकट वलय येते, ते एफ/४ वर बरेच ओसरते, आणि कडेच्या चकत्याही लांबट न राहता मधल्या चकत्यांसारख्याच होतात. म्हणजे गरगर नको असेल आणि चेहरा नीट हवा असेल, तर एफ/२.८ ते एफ/५.६ हाच पट्टा उरतो. पात्यांच्या संख्येचा प्रश्न खऱ्या अर्थाने याच पट्ट्यात उभा राहतो.

एफ/४ वर प्रकाश आत येण्याचे छिद्र १४.५ मिमी व्यासाचे असते. १ मीटरवर जुळवलेल्या लेन्ससाठी दूरच्या दिव्याची सेन्सरवरील चकती सुमारे ०.९ मिमी व्यासाची होते. ३६ मिमी रुंदीचे हे चित्र १२ × ८ इंचांत छापले, तर तीच चकती कागदावर साधारण साडेसात मिलिमीटरची दिसते. आता तेवढ्याच क्षेत्रफळाचा षट्कोन घेतला तर त्याचे कोपरे त्या वर्तुळाबाहेर १० टक्के जातात आणि बाजूंचे मध्य ५ टक्के आत येतात. अष्टकोनात हे प्रमाण अनुक्रमे ५ आणि अडीच टक्के, तर १३ बाजूंच्या आकृतीत २ आणि १ टक्का असते. छापील चित्रात याचा अर्थ असा की षट्कोनाचा कोपरा आदर्श वर्तुळाबाहेर जवळजवळ ०.४ मिमी, अष्टकोनाचा ०.२ मिमी आणि १३ बाजूंच्या आकृतीचा ०.१ मिमीहूनही कमी डोकावेल. हातभर अंतरावरून पाहणाऱ्या डोळ्याला षट्कोन लगेच ओळखू येतो, अष्टकोन लक्ष देऊन पाहिल्यास ओळखू येतो, आणि तिसरा आकार वर्तुळच वाटतो.

हे गणित पात्यांच्या कडा सरळ धरून केलेले आहे. प्रत्यक्षात पाती कोयत्यासारखी वळलेली असतात. त्यांच्या आतल्या कडेची वक्रता एखाद्याच विशिष्ट छिद्राशी जुळते, बहुधा पूर्ण उघड्या स्थितीच्या जवळपास. छिद्र लहान होत गेले की तीच वक्रता त्या लहान वर्तुळाच्या मानाने अपुरी पडते, कड सरळ भासू लागते आणि बहुकोन उघड होतो. पात्यांचा आकार आणि त्यांची हालचाल यांचा मेळ बसला नाही, तर कोपरे आत वळून चांदणीसारखे छिद्रही तयार होते. सोव्हिएत इंडुस्टार-६१ एल/झेड ही ५० मिमी लेन्स एफ/५.६ च्या आसपास दिव्यांच्या चकत्यांना सहा टोकांच्या चांदण्या बनवते, आणि आज तीच तिची ओळख ठरली आहे. कॉन्टॅक्स कॅमेऱ्यांसाठी बनलेल्या झाइस प्लानार ८५ मिमी एफ/१.४ च्या सुरुवातीच्या एई आवृत्तीतही अर्धवट मिटलेल्या ॲपर्चरवर करवतीच्या चाकासारख्या दातेरी चकत्या येतात. तेव्हा पाती किती आहेत याइतकेच ती कशी कापली आहेत हेही महत्त्वाचे, आणि ते विक्रेत्याच्या वर्णनात क्वचितच लिहिलेले असते.

गच्चीवरची चाचणी

तिन्ही लेन्स एकाच कॅमेऱ्यावर, तिपाईवर लावून रात्री गच्चीवर तपासल्या. १ मीटरवर एक व्यक्ती बसवली आणि सुमारे २० मीटरवरच्या कठड्याला एलईडी दिव्यांची माळ बांधली. ४४एम-४ च्या आमच्या प्रतीवर हाताने पाती मिटवण्याचा खटका नव्हता, म्हणून मागची खीळ कायम दाबून धरणारी पट्टी असलेला ॲडॉप्टर वापरावा लागला. साध्या ॲडॉप्टरवर ही लेन्स रिंग कशीही फिरवली तरी एफ/२ वरच राहते, आणि वापरणाऱ्याला वाटते की पाती बिघडली.

एफ/२ वरील तीन चित्रे शेजारी ठेवली तेव्हा चकत्यांच्या आकारावरून कोणती कोणत्या लेन्सची हे सांगता येईना. फरक होता तो काचेवरील लेपाचा: चंदेरी प्रतीत एकूण चित्र फिकट होते आणि सावल्या धुवून निघाल्यासारख्या वाटत होत्या. हा गुण कोणाला आवडेल, कोणाला नाही. पण तो पात्यांच्या खात्यावर मांडता येणार नाही. एफ/२.८ वर ४४एम-४ मध्ये षट्कोन दिसू लागला, ४४-२ मध्ये चकतीला किंचित कंगोरे आले, चंदेरी लेन्समध्ये चकती गोलच राहिली. एफ/४ आणि एफ/५.६ वर तिन्हींमधला फरक सर्वांत ठळक होता आणि गणिताशी जुळणारा होता. एफ/८ वर चकत्या निम्म्याने लहान झाल्या आणि आकाराकडे लक्ष जाईनासे झाले.

तेवढ्यावर थांबलो असतो तर निष्कर्ष सरळ होता: १३ पात्यांची लेन्स घ्यावी. परंतु चाचणीतील दिवे आणि घाटावरील दिवे एकाच जातीचे नव्हते.

ज्योत हा बिंदू नव्हे

एलईडीचा उजळ भाग काही मिलिमीटरचा असतो, म्हणून २० मीटरवरून तो जवळजवळ बिंदूच ठरतो आणि ॲपर्चरची आकृती काटेकोरपणे सेन्सरवर उमटवतो. पणतीची ज्योत मात्र सुमारे २ सेंटीमीटर उंच असते. या मांडणीत २० मीटरवरील ज्योतीची स्वतःची प्रतिमा सेन्सरवर साधारण ०.०६ मिमी उंचीची होते, १० मीटरवर तिच्या दुप्पट. ज्योतीच्या प्रत्येक भागाची स्वतंत्र चकती तयार होते आणि या साऱ्या चकत्या किंचित सरकून एकमेकींवर पडतात. अष्टकोनाचा कोपरा आणि बाजूचा मध्य यांच्या त्रिज्येतील फरक एफ/४ वर सेन्सरवर सुमारे ०.०४ मिमी असतो; म्हणजे ज्योतीची उंची हा फरक पुसून टाकण्यास पुरेशी आहे, त्यात ज्योत हलतही असते. षट्कोनाचा फरक सुमारे ०.०७ मिमी, म्हणून तो बोथट झाला तरी टिकतो, विशेषतः आडव्या दिशेला, जिथे ज्योत अरुंद असते.

या तर्काची पडताळणी सोपी होती. एलईडीच्या माळेच्या जागी त्याच कठड्यावर तेलाच्या पणत्या ठेवल्या आणि एफ/४ वर पुन्हा चित्रे घेतली. ४४एम-४ मधील षट्कोन मऊ झाला होता, तरी ओळखता येत होता. ४४-२ आणि चंदेरी लेन्स यांच्या चकत्या मात्र वेगळ्या सांगणे, पूर्ण मोठे करून पाहिल्याशिवाय, शक्य नव्हते.

यात प्रकाशाचाही हिशेब होता. पहाटेच्या पणत्यांच्या उजेडात एफ/२ वर जे चित्र आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) १६०० ला मिळते, त्याच शटरवेगाला एफ/४ वर आयएसओ ६४०० लागते. म्हणजे निम्मी चित्रे एफ/२ ते एफ/२.८ दरम्यानच घ्यावी लागणार होती, जिथे १३ पात्यांचा लाभ मुळात नाही किंवा अगदी थोडा आहे.

पात्यांची प्रकृती

चंदेरी प्रत उघडी धरून आतून पाहिली तेव्हा पात्यांवर तेलाची चकाकी होती. फोकसच्या आट्यांतील जुने ग्रीस पातळ होऊन पात्यांपर्यंत झिरपते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या कपाटात ठेवलेल्या लेन्समध्ये हे लवकर होते. प्रीसेट लेन्समध्ये अशा तेलाने काम लगेच अडत नाही, कारण पाती हाताच्या जोराने फिरतात. स्वयंचलित लेन्समध्ये मात्र तेवढ्याच तेलाने पाती सुस्तावतात आणि चित्रे नको तितकी उजळ येऊ लागतात. परंतु १३ पातळ पाती एकमेकींवर रचलेली असताना तेल चिकट झाले, तर रिंग जोराने फिरवताना एखादे पाते वाकून त्याची खुंटी खाचेतून निसटण्याचा धोका असतो. अशी लेन्स सोडवून, पाती एकेक करून पुसून, त्याच क्रमाने परत बसवणे हे कुशल कारागिराचे काम आहे. ६ पात्यांच्या तुलनेत त्याला वेळही जास्त लागतो आणि मजुरीही. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने गंजाच्या बारीक ठिपक्यांकडेही पाहावे. पात्यांवरचा गंज झडला की त्याचे कण मागच्या काचेवर बसतात.

दिव्यांभोवती ताऱ्यासारख्या दिसणाऱ्या किरणांचा मुद्दा गोल चकत्यांच्या नेमका उलट बाजूने येतो. पात्याची प्रत्येक सरळ कड प्रकाशाचे विवर्तन करून, म्हणजे त्याला कडेपाशी वळवून, स्वतःशी काटकोनात दोन्हीकडे एकेक किरण पाठवते. पाती सम असतील तर समोरासमोरच्या कडांचे किरण एकमेकांवर पडतात आणि पाती तेवढेच किरण दिसतात. विषम असतील तर दुप्पट. म्हणून ६ पात्यांना सहा, ८ ना आठ आणि १३ ना २६ किरण. प्रकाश तेवढाच, वाटेकरी जास्त, त्यामुळे २६ किरण फिके आणि आखूड होतात, तर ६ पात्यांचे किरण लांब व ठसठशीत येतात. घाटाला लागून असलेल्या शिवाजी पुलाकडील विजेच्या दिव्यांसह तिपाईवरून विस्तृत दृश्य घ्यायचे असेल, तर एफ/११ वर सर्वांत स्वस्त लेन्सच सर्वांत उपयोगी होती.

निर्णय

स्नेह्यांनी चंदेरी लेन्स परत केली. व्यक्तिचित्रांसाठी ४४-२ आणि तिपाईवरील दृश्यांसाठी ४४एम-४ अशी विभागणी केली. एकट्या माणसासाठी एफ/२.८ आणि दोघांसाठी एफ/४, असे साधे धोरण ठेवले. घाटावरची चित्रे अपेक्षेप्रमाणे आली: पणत्यांच्या चकत्या गोल दिसल्या आणि आठ कोन शोधूनही फारसे सापडले नाहीत. जिथे सापडले ती ठिकाणे ठरावीक होती, जिथे पार्श्वभूमीत पणत्यांबरोबर विजेचे छोटे दिवे आले होते. त्या चित्रांत एकाच चौकटीत काही चकत्या गोल आणि काही स्पष्टपणे अष्टकोनी आहेत, आणि ती विसंगती एकदा दिसली की डोळ्यांत खुपते.

त्यांचे उत्पन्न मुख्यतः लग्नसमारंभांतून येते, आणि आजच्या मंगल कार्यालयांत पणत्या नावालाच व एलईडीच्या माळा भिंतभर असतात. तेथे उजेड भरपूर असल्याने एफ/४ सहज वापरता येते, दिवे बिंदूसारखे असतात, आणि पाहुण्यांच्या गटासाठी खोलीही हवी असते. म्हणजे १३ पात्यांची लेन्स ज्या एका पट्ट्यात आपली किंमत वसूल करू शकते, त्या पट्ट्यातच त्यांचे रोजचे काम चालते. त्यांनी आता तशीच एक प्रत शोधायला घेतली आहे, फक्त पात्यांवर तेल नसलेली आणि एम३९ ते एम४२ ची रिंग सोबत असलेली.